पूजेला न बसणारी अध्यक्ष

नीनाने शशीताईंना पहिल्यांदा पाहिलं ते गणपतीच्या आरतीत, खरं तर डोळे मिटलेले असायला हवे होते तेव्हा.

लग्न होऊन तिला बर्मिंगहॅमला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सांगलीच्या घरात तिला भित्री म्हणत, पण तिथे घाबरायला पाल आणि गणिताचे मास्तर एवढेच होते. इथे बसमध्ये चढताना भीती वाटे, दुकानात तोंड उघडताना वाटे, दाराची बेल वाजली तरी वाटे. विद्याधर हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. ते सकाळी निघून गेले की ती दाराला साखळी लावून बसायची. मंडळाचा गणपती हा तिचा त्या देशातला पहिला मोकळा श्वास होता. भाड्याच्या हॉलमध्ये मखर, ओळखीचा कापराचा वास, शंभरेक मराठी माणसं. तिने डोळे मिटून घेतले, आणि मग पाठीवर गार वारा आला म्हणून उघडले.

हॉलच्या मागच्या टोकाला एक बाई आगीच्या वेळी बाहेर पडायचं जड दार पायाने अडवून उभी होती. चाळिशीची, आखूड केस, पँट, कोटाला कसला तरी लाल बिल्ला. हात खिशात. टाळ्या नाहीत, ओठ हलत नाहीत. शांतपणे बाहेरचा रस्ता बघत होती.

प्रसादाच्या रांगेत ती बाई नीनाच्या मागे आली. नीनाने धीर करून विचारलं, "तुम्ही आरतीला पुढे नाही आलात?"

"मी देव मानत नाही," बाई म्हणाली, जसं कुणी म्हणावं की मी चहात साखर घेत नाही. "आणि गेल्या वर्षी कापराच्या धुराने अलार्म वाजला. फायर ब्रिगेडचे सहा जण बूट घालून थेट मखरापर्यंत आले. म्हणून दार उघडं धरते. मोदक उकडीचे आहेत का बघ ना, तळलेले असले तर मी दोनच घेईन."

त्या शशी कर्णिक. नाशिकच्या, त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. नीनाला त्या रात्री झोप येईना. देव मानत नाही असं म्हणणारं माणूस तिने ऐकलं होतं, पण ते असं मोदकाच्या रांगेत उभं राहून म्हणणारं नव्हतं. तिला पहिल्यांदा शशीताईंचीच भीती वाटली.

ही भीती हळूहळू गेली. शशीताईंबद्दल मंडळात बोललं बरंच जाई. त्या हॉस्पिटलच्या युनियनच्या प्रतिनिधी होत्या. सफाई कामगारांच्या संपात त्या पहाटे गेटवर उभ्या राहत आणि आत जाणाऱ्या मराठी डॉक्टरांना नाव घेऊन नमस्कार करत, त्यामुळे डॉक्टर मागच्या गेटने जाऊ लागले. लेबर पार्टी त्यांच्या मते फार उजवीकडे गेली होती. दर दोन वर्षांनी त्या तिचा राजीनामा देत आणि निवडणूक आली की पत्रकं वाटायला परत जात. त्यांनी केन नावाच्या बसड्रायव्हरशी लग्न केलं होतं. केन मंडळाच्या दिवाळीला यायचा आणि चकली खाऊन दरवेळी "इंजिनियरिंग!" म्हणायचा.

केन गेला तेव्हा प्रार्थना नव्हती, भटजी नव्हता, पाद्री नव्हता. दोन जुने ड्रायव्हर बोलले आणि त्याच्या आवडीची एक तबकडी वाजवली. नीनाला ते सहन होईना. तिने शालीत हात जोडून हळूच एक श्लोक पुटपुटायला सुरुवात केली. शेजारी बसलेल्या शशीताई समोर बघतच म्हणाल्या, "मोठ्याने म्हण की. केनला तुझा आवाज आवडायचा." नीनाने मोठ्याने म्हटला. त्या दिवसापासून ती त्यांना शशीताई म्हणू लागली, आणि त्या तिला नीने.

पुढे मंडळाने हेझेल रोडवरचं एक जुनं प्रार्थनाघर विकत घेतलं आणि त्याचा हॉल केला. निवृत्त झाल्यावर शशीताईंनी तिथे बुधवार सुरू केला. त्याला दुसरं नावच नव्हतं. सकाळी साडेदहाला हॉल उघडायचा, म्हाताऱ्या मंडळींनी यायचं, कॅरम, पेपर, वाद, बाराला वरणभात. केअर होममध्ये काम करायला नव्याने आलेल्या मुली सुट्टी असली की येत, जेवत आणि कोपऱ्यात सोफ्यावर झोपत. कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत हा शशीताईंचा हट्ट.

नीनाला बुधवार काय आहे ते विद्याधरांना पार्किन्सन्स झाल्यावर कळलं. आयुष्यभर लोकांना शांत झोपवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं शरीर आता त्यांचं ऐकत नव्हतं. पाय जमिनीला चिकटायचे. चेहरा लाकडासारखा, आवाज इतका बारीक की फोनवर मुलाला वाटायचं लाइन कट झाली. आठवड्यातले सहा दिवस नीना त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत जगायची. आवाज थांबला की तिचं काळीज थांबायचं. बुधवारी ती त्यांना कॅरमच्या टेबलाशी बसवून बाहेर पडायची आणि जवळच्या बागेत नुसती चालायची. काहीही न ऐकता. एवढंच. पण तेवढ्यावर तिचे उरलेले सहा दिवस चालत.

एकदा ते बाथटब आणि बेसिनच्या मधल्या जागेत पडले. नीनाला उचलता येईना. अँब्युलन्सला वेळ लागेल असं सांगितलं. मुलगा केंब्रिजला, फोन बंद. तिने घाबरत घाबरत रस्त्यापलीकडच्या इशिताला फोन केला. इशिता सुयशची बायको. दोघं पुण्याची, दोघांनाही चांगल्या नोकऱ्या. ती ऑफिसची मीटिंग सोडून मोज्यांवर धावत आली. दोघींनी मिळून विद्याधरांना उठवलं. "काकू, काहीही लागलं तर मला सांगायचं हं, प्रॉमिस," ती म्हणाली, आणि ते तिने पाळलं. दर मंगळवारी हॉस्पिटलच्या व्यायामाला तीच गाडीने न्यायची, आणायची. दार उघडताना तिचा हात आधी विद्याधरांच्या डोक्यावर जायचा, वर लागू नये म्हणून.

आणि मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला तो तिचा नवरा, सुयश.

सुयश वाईट मुलगा नव्हता. हे नीना स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायची, कारण तो वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. वाकून नमस्कार करायचा. त्याच्याकडे पडद्यावर दाखवायला सुंदर चित्रं होती: हॉलच्या जागी कायमचं देऊळ. संगमरवराचा गाभारा, जयपूरहून आणलेली मूर्ती, रोज आरती. काम दोन वर्षं चालणार. तोवर बुधवार झूमवर.

"आणि नंतर?" कुणीतरी विचारलं होतं.

"नंतर बघू ना काका. देवळात जेवणखाण, कॅरम बरोबर नाही दिसणार. पण वुई विल फाइंड समथिंग."

नीनाला देऊळ हवं होतं. सदतीस वर्षं हवं होतं. संगमरवराचं चित्र बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी तिला बाथटब आणि बेसिनच्या मधली जागा दिसली. देवळाच्या आड यावं असं तिच्या मनात आलं होतं. त्या रात्री देवघरापुढे तिने दिवा लावला, पण वर बघायचं धाडस झालं नाही.

सुयशविरुद्ध कुणी उभं राहीना. शेवटी शशीताई उभ्या राहिल्या.

मंडळात हसण्याची लाट आली. शहात्तर वर्षांची बाई, देव न मानणारी, कम्युनिस्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी लिहिलं, आता मोदकांवरसुद्धा कामगारांचा हक्क. कुणी लिहिलं, विसर्जनाला मोर्चा निघेल. आणि सगळ्यात मोठी अडचण, जी सगळेच खालच्या आवाजात बोलत: मंडळाच्या अध्यक्षाने जोडीने गणपतीच्या पूजेला बसायचं ही पहिल्या वर्षापासूनची पद्धत. शशीताई विधवा, आणि नास्तिक. पूजेला बसणार कोण?

"जिंकतील का हो शशीताई?" नीनाने एकदा विद्याधरांना विचारलं. त्यांनी हातातला कप सावकाश खाली ठेवला. मग म्हणाले, "एकांतात... जिंकेल."

त्यांना काय म्हणायचं होतं ते नीनाला लगेच कळलं, कारण तीच भीती तिच्या पोटात होती. मंडळाचं मतदान हात वर करून व्हायचं. हा नियम शशीताईंनीच आणला होता. पूर्वी अध्यक्ष कुणाच्या तरी दिवाणखान्यात चहा पिता पिता ठरायचा. शशीताईंनी युनियनची पद्धत आणली. हॉस्पिटलच्या कारपार्कमध्ये संपाचं मतदान करतात तसं, सगळ्यांसमोर, हात वर. जे मत उघड देता येत नाही ते मत कसलं, असं त्या म्हणायच्या.

निवडणुकीच्या आदल्या बुधवारी नीना बागेत गेली नाही. हॉलच्या स्वयंपाकघरात शशीताई कोथिंबीर निवडत होत्या. नीना शेजारी उभी राहिली आणि उगाच धुतलेली ताटं पुन्हा पुसू लागली.

"बोल," शशीताई म्हणाल्या. "तू चौथ्यांदा तेच ताट पुसतेयस."

"मला हात वर करता येणार नाही."

"खांदा दुखतोय?"

"शशीताई."

त्यांनी कोथिंबिरीवरून मान वर केली. नीनाच्या तोंडून सगळं एकदम बाहेर आलं. इशिता शेजारीच बसलेली असेल. मंगळवारची गाडी. आणि परत कधी हे पडले तर कुणाला हाक मारायची.

"ती काही बोलली तुला?"

"नाही. बोलणारही नाही. तिला वाईट वाटेल, आणि तरी ती गाडी घेऊन येईल. किंवा नाही येणार. मला तेच कळत नाही, आणि त्याचीच भीती वाटते."

"मग त्याला भीती म्हणायचं की भीड?"

"तुम्ही मला हसा. पण मी एकटी नाहीये. त्या केअर होमच्या मुलींपैकी दोघी सुयशच्या घरात भाड्याने राहतात. त्या वर करतील हात?"

शशीताई हसल्या नाहीत. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. बाहेर कॅरमची सोंगटी भोकात पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी ओरडलं.

"चाळीस वर्षं लोकांना हात वर करायला सांगत आले," त्या म्हणाल्या. "ज्यांनी केले नाहीत त्यांना मी काय काय बोललेय, नीने." मग एकदम वेगळ्या आवाजात, "पूजेचं काय करायचं? तू आणि विद्याधर बसाल?"

नीनाला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. "आम्ही? यांना खाली बसता येत नाही."

"मग खुर्चीवर बसा. तुझा देव काय उंची मोजतो? मी मांडव घालीन, स्पीकर लावीन, दार धरीन. पूजा ज्यांना येते त्यांनी करावी. देऊळ हवं तर स्टेजवर करा, पडदा लावून. मला देवाचं वावडं नाही. बुधवार बंद करायचं वावडं आहे."

नीनाचे डोळे भरून आले आणि मग लगेच भीतीने कोरडे झाले. "बसू आम्ही. पण आत्ता कुणाला सांगू नका. नावसुद्धा नाही. मी तुमच्या बाजूची आहे हे कळेल."

"नाही सांगणार."

शशीताई कधी घाबरल्या असतील असं नीनाला वाटत नव्हतं. आदल्या वर्षीच्या ऑगस्टची गोष्ट तिला आठवत होती. देशभर दंगली चालल्या होत्या, आणि एका बुधवारी फोनवर मेसेज येऊ लागले की जमाव इकडे येणार आहे. हेझेल रोडवरची दुकानं दुपारीच शटर ओढून बंद झाली. हॉलमध्ये म्हातारी मंडळी अडकली. नीना विद्याधरांचा हात घट्ट धरून आतल्या खोलीत बसली होती. तिला वाटत होतं, पळावं लागलं तर यांचे पाय चिकटतील. शशीताईंनी फोल्डिंगची खुर्ची घेतली, मुख्य दाराबाहेर पायरीवर मांडली आणि पेपर उघडून बसल्या. संध्याकाळपर्यंत बसल्या. कुणी आलं नाही. नंतर नीना म्हणाली, "कमाल आहे तुमची." शशीताई म्हणाल्या, "अगं, पाय लटपटत होते. उभी राहिले असते तर दिसलं असतं." नीनाला ती गंमत वाटली होती.

रविवारी सभेला नीना आणि विद्याधर इशिताच्याच गाडीतून आले. हॉलमध्ये हीटर असूनही थंडी होती. विद्याधर मधे, एका बाजूला नीना, दुसऱ्या बाजूला इशिता. तिने येताना त्यांच्यासाठी उशी आणली होती. मावळत्या अध्यक्ष अनुराधा टेबलाशी बसल्या होत्या आणि माइकला सारख्या टिचक्या मारत होत्या.

सुयश छान बोलला. टाळ्या झाल्या. मग शशीताई उठल्या आणि म्हणाल्या, "भाषणाआधी एक सूचना आहे. मतदान चिठ्ठ्यांनी व्हावं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हशा.

"शशीताई, हात वरचा नियम तुमचाच ना?" सुयश हसत म्हणाला.

"माझाच. चुकला."

"वीस वर्षांनी कळलं?" मागून कुणीतरी.

"मला उशिराच कळतं. पार्टीसुद्धा चार वेळा सोडावी लागली."

"पण कारण काय?" अनुराधांनी विचारलं. "मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहावं लागेल."

"हात वर करायला भीती वाटते, हे कारण."

"कुणाला?" तो आवाज पहिल्या रांगेतून आला. "कुणाला कुणाची भीती वाटते इथे? नाव सांगा."

माना वळू लागल्या. नीनाने शालीखाली बोटं एकमेकांत अडकवली. तिला शशीताईंचा स्वभाव माहीत होता. त्या आयुष्यभर नावं घेत आल्या होत्या, गेटवर, तोंडावर. आता त्या वळतील आणि म्हणतील, ही बघा. इशिताचा खांदा तिच्यापासून हाताच्या अंतरावर होता.

"मला," शशीताई म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"मला. तुम्ही सगळे माझ्या डोळ्यांसमोर सुयशसाठी हात वर करणार आणि मी ते बघत बसणार. त्या ऑगस्टमध्ये दाराशी बसले तेव्हा वाटली नव्हती इतकी भीती वाटतेय. शहात्तर वर्षांची बाई आहे. एवढी दया करा."

त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. लोक हसले, पण नीना त्यांच्या हाताकडे बघत होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. पायरीवरच्या खुर्चीची गोष्ट गंमत नव्हती हे तिला त्या क्षणी कळलं.

सुयशने सगळ्यात आधी हात वर केला. "फेअर इनफ," तो म्हणाला. "चिठ्ठ्या करू." मग बाकीचे हात गेले. अनुराधांनी कुणाच्या तरी मुलीच्या वहीची पानं फाडायला घेतली.

नीनाला वाटलं, सुटलो. चिठ्ठीवर नाव लिहायचं, घडी घालायची, गाडीत बसून घरी जायचं. कुणाला कधी कळणार नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या त्या गृहस्थांनी पुन्हा हात वर केला. "एकच प्रश्न. शशीताई, तुम्ही निवडून आलात तर पूजेला बसणार?"

"नाही."

"मग कोण बसणार?"

शशीताई समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागल्या. डावीकडे, जिथे नीना बसली होती तिकडे त्यांनी चुकूनही नजर वळवली नाही.

"बसेल कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे? आपल्या गणपतीला कुणीतरी?"

"ते ठरलंय. पण आत्ता नाव सांगता येणार नाही."

"म्हणजे ठरलेलं नाही," मागून कुणी म्हणालं, आणि हॉलभर कुजबुज पसरली. नीनाला ती कुजबुज अंगावर येताना जाणवली. जे लोक आत्ता शशीताईंच्या भीतीच्या कबुलीला प्रेमाने हसले होते तेच मान हलवत होते. त्यांचंही चुकत नव्हतं. बुधवार हवा होता, पण गणपती पूजेवाचून राहील हे कोण सहन करणार? तिने स्वतः केलं असतं? दोन शब्दांचं उत्तर होतं. ते शशीताईंकडे होतं, आणि त्या ते देत नव्हत्या, कारण नीनाने कोथिंबिरीशेजारी उभं राहून त्यांच्याकडून वचन घेतलं होतं.

आपण उठावं असं तिला वाटलं. पाय उचलेनात. जमिनीला चिकटणं म्हणजे काय ते तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा आतून कळलं.

शेजारी हालचाल झाली. विद्याधर उठायचा प्रयत्न करत होते. त्यांना उठायला वेळ लागे; आधी पुढे झुकायचं, मग दोन-तीनदा झोका घ्यायचा. नीनाने त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही नव्हतं. बुधवारी रात्री तिने त्यांना सगळं सांगितलं होतं. ते काही बोलले नव्हते, तिला वाटलं होतं ऐकलंही नसेल. आता ते काय करणार आहेत हे तिला स्वच्छ कळलं. बाही धरून ओढलं असतं तर ते परत बसले असते. कुणाला काही समजलंही नसतं.

तिने त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि उचललं.

"काका, बाथरूम का?" इशिता हळूच म्हणाली आणि तिने दुसऱ्या कोपराखाली हात घातला. दोघींनी मिळून त्यांना उभं केलं, त्या दिवशी बाथरूममध्ये केलं होतं तसं.

विद्याधर उभे राहिले. हॉल थांबला. त्यांचा आवाज यायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत होतं.

"पूजेला," ते म्हणाले, "आम्ही बसू. मी... आणि नीना. दोन... खुर्च्या लागतील."

कुणी हसलं नाही. नीनाने इशिताकडे बघायचं टाळलं, पण विद्याधरांच्या दुसऱ्या कोपराखालचा हात तिला दिसत होता. तो हात निघाला नाही. विद्याधर नीट खाली बसेपर्यंत तिथेच होता. मग इशिताने उशी सरळ केली, आपली पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिली.

शशीताई अजून घड्याळाकडेच बघत होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

नीनाने चिठ्ठीवर नाव लिहिलं. लिहिताना ती मनातल्या मनात देवाची क्षमा मागत होती, आणि ती कशाबद्दल मागायची हे तिला ठरवता येत नव्हतं. अनुराधांनी चिठ्ठ्या मोजल्या, मग सुयशला मोजायला दिल्या, मग पुन्हा स्वतः मोजल्या. शशीताई चार मतांनी निवडून आल्या.

टाळ्या वाजल्या, फार नाही. सुयशने त्यांच्याशी हात मिळवला. नीना जागेवरच बसून होती. आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनात एकच विचार होता, घरी कसं जायचं?

इशितानेच नेलं. सुयश दुसऱ्या गाडीने गेला. गाडीत फक्त वायपरचा आवाज होता. घराशी आल्यावर इशिताने विद्याधरांच्या डोक्यावर हात धरून त्यांना उतरवलं, त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं. मग नीनाकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही आधी सांगितलं असतं ना, तरी मी आणलंच असतं तुम्हाला."

दार लावून तिने कितीतरी वर्षांनी साखळी घातली.

पुढच्या मंगळवारी कोट घालून ती खिडकीशी उभी होती. गाडी आली. त्याच्या पुढच्या मंगळवारी मेसेज आला: सॉरी काकू, ऑफिसचं काम आहे. त्यानंतर बऱ्याच मंगळवारी तसाच येत गेला. काम खरंच होतं की नाही हे नीनाला कधी कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. आता ते बसने जातात. बसमध्ये चढताना विद्याधरांचे पाय चिकटले की मागची माणसं खोळंबतात आणि नीनाला घाम फुटतो. बऱ्याचदा शशीताई बरोबर असतात. त्या ड्रायव्हरशी गप्पा मारायला लागतात, आणि तेवढ्यात पाय सुटतात.

बुधवार चालू आहे. देवळासाठी सुयशने वेगळी समिती केली आहे. त्या समितीला शशीताईंनी पहिली वर्गणी दिली, ती घ्यावी की नाही यावर समितीची एक पूर्ण बैठक झाली म्हणतात. नीना अजून घाबरते. ते पडतील याची, बेल वाजण्याची, आणि रस्त्यापलीकडे दिवा लागला की उगाचच.

या वर्षी गणपतीला ती आणि विद्याधर दोन खुर्च्यांवर पूजेला बसले. विद्याधरांच्या थरथरत्या हातातून अक्षता जरा दूरवर पडल्या. आरती सुरू झाली, कापूर पेटला, आणि नीनाला पाठीवर गार वारा लागला. तिने डोळे उघडले नाहीत.

शशीताई आता सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून आरती चालू असताना त्या मागच्या दाराशी फोल्डिंगच्या खुर्चीवर बसतात, आणि दार पायाने अडवून ठेवतात.